घोंगडीच्या ओवीचा शेवट

मी, धुळाप्पा सिदाप्पा देवकते, जात धनगर, वय अंदाजे पंचवीस, अव्वाच्या, म्हणजे आईच्या, म्हणण्याप्रमाणे सव्वीस, मूळ राहणार मौजे कुरणवाडी, तालुका व जिल्हा सोलापूर, धंदा आधी मेंढरं, मग सोलापुरात गिरणी, हल्ली म्हैसूर मुलखात सोन्याच्या खाणीत, कुली लाइन, खोली अठरा, असं लिहून ठेवतो की आज माझं डोकं ठिकाणावर आहे. अंगात ताप नाही, पोटात दारू नाही, आणि कुणी मानेवर पाय देऊन हे लिहून घेत नाही.

लिहिण्याचं कारण असं. मागल्या सोमवारी आमच्या टोळीतला एक जण खाली गेला तो वर आला नाही. एवढ्या खोलवर खडक आपसूक फुटतो, त्यात कुणाची चूक नसते. उद्यापासून त्याच्या जागी माझी पाळी लागली आहे. मी मरेनच असं नाही. पण माझ्याकडे एक अशी वस्तू आहे की जी दुसऱ्या कुणाकडे नाही, आणि ती पेटीत ठेवता येत नाही.

मला लिहिणं तिसरीपर्यंतचं येतं. मृत्युपत्राचा नमुना आमचे हजेरी कारकून शिवपुत्र यांनी तोंडी सांगितला. ते म्हणाले, आधी घर, मग जनावरं, मग चीजवस्तू, मधे घरगुती भांडणं घालायची नाहीत. पण भांडण घातल्याशिवाय माझी चीजवस्तू कळणार नाही, म्हणून घालतो.

कलम पहिले. कुरणवाडीतलं धाब्याचं घर, पुढची पडवी आणि मागचा मेंढवाडा यांची मालक माझी आई निंगव्वा. तिच्या हयातीत कुणी तिला बोलू नये. येडू बाळाप्पा हाके याला पडवीत झोपायची मुभा आहे, पण घरावर हक्क नाही. येडू कोण, ते सांगतो. आईबाप गेल्यावर आठव्या वर्षी तो आमच्या दारात आला आणि माझ्या वडिलांनी, सिदाप्पांनी, त्याला ठेवून घेतला. मी तेव्हा दहाचा. त्या दिवसापासून तव्यावरची पहिली भाकरी त्याला. मी विचारलं तर अव्वा म्हणायची, त्यो पोरका हाय रं. मी पोरका नव्हतो, एवढाच माझा गुन्हा. अकरा वर्षं मी दुसरी भाकरी खाल्ली. दुसरी भाकरीही गरमच असते, हे मला माहीत आहे. तरी लिहितो.

कलम दुसरे. मेंढरं बावीस, त्यांची मालकीही अव्वाची. राखण येडूकडे आहे, राखणीचा रिवाजाप्रमाणे वाटा त्याला मिळावा. काळ्या कपाळाचा मेंढा विकू नये. माझं पोस्टातलं पुस्तक अव्वाच्या नावे करावं. कार्बाईडचा दिवा आणि बूट इथले, इथंच राहतील. माझी कुऱ्हाड घरी आढ्याला लावली आहे ती तिथंच राहू द्यावी. येडूनं ती घेऊ नये, त्याला त्याची आहे.

कलम तिसरे. वडिलांचा ढोल. हा ढोल भीमेत सोडावा. फोडला तरी चालेल, पण येडूच्या गळ्यात जाऊ नये. (हे कलम पुढे बदललं आहे. खोडत नाही. असं लिहिलं होतं हे सगळ्यांना दिसू द्यावं.)

ढोलाचं कारण ओवी. आमच्या घराण्याकडे घोंगडीची ओवी आहे. दसऱ्याला बिरोबाच्या यात्रेत सुंबरान मांडून, म्हणजे आधी देवाचं स्मरण करून, ती आम्ही म्हणतो. म्होरक्या ओळ टाकतो आणि मागचा ती ओळ उचलून झेलतो, त्याला आमच्यात झेलकरी म्हणतात. वडील होते तोवर म्होरके ते, झेलकरी मी. वडील गेल्यावर म्होरक्या मी झालो आणि झेलकरी येडू.

ओवी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मायाप्पा आणि सोमा हे दोघे भाऊ. दुष्काळ पडतो. थोरला मायाप्पा अर्धा कळप घेऊन चाऱ्यासाठी दक्षिणेला जातो, बायकोला सांगतो की लोकर कातरायच्या दिवसांत येतो. बायको जक्कव्वा दर साली लोकरीचं सूत काढून ठेवते. सात सालं जातात. आठव्या साली मायाप्पा एकटाच परत येतो, कळप सगळा मेलेला. माळावर त्याला आधी आपली घोंगडी दिसते, सात सालांच्या सुताची, आणि ती असते सोमाच्या खांद्यावर. मायाप्पा कुऱ्हाड उचलतो.

इथं ढोल थांबतो. लोक भंडारा उधळतात आणि घरी जातात. पुढं काय झालं हे गावात कुणी विचारत नाही. म्होरक्या एकटा देवळात जातो, दार लावतो, आणि उरलेला शेवट फक्त बिरोबाला म्हणून दाखवतो. झेलकरीसुद्धा बाहेर. बापाकडून थोरल्या मुलाकडे, तोही देवळातच, असा हा शेवट चालत आला. मी सोळाचा असताना वडिलांनी मला आत नेऊन दिला. तेव्हा मी विचारलं होतं, लोकांना का न्हाई सांगायचं? ते म्हणाले, "लोकांस्नी राग बघाय आवडतो, त्यो त्यास्नी द्यायचा. राग उतरतो कुटं, ते देवाचं."

वडील सन एकतीसला गेले. आज हा शेवट ठाऊक असलेला माणूस मी एकटा.

कलम चौथे. बोलपटाविषयी. शिवपुत्र म्हणतात की मृत्युपत्रात बोलपटाला कलम नसतं. माझ्यात आहे.

सन तेहतीसच्या दसऱ्याला मी यात्रेला नव्हतो. आदल्या वर्षी चार म्हातारे म्हणाले की येडूचा झेल म्होरक्याहून गोड आहे. अव्वानंही मान हलवली आणि मला म्हणाली, "एक डाव त्याला म्होरं घे की, काय झिजतंय तुजं?" मी दुसऱ्या दिवशी घर सोडलं आणि सोलापुरात गिरणीला लागलो. दसऱ्याची सुट्टी होती, मी गेलो नाही. येडू वेगळाच झेलकरी घेऊन गायला, भंडाऱ्यापर्यंत, आणि त्याच यात्रेत बोलपट कंपनीचा एक माणूस बोलपटात लागणाऱ्या बैलगाड्या बघायला आलेला होता. त्यानं ओवी ऐकली आणि येडूला मोटारीत घालून नेला. मी असतो तर मला नेला असता. हे वाक्य मी तीन वर्षं रोज म्हणतो.

पुढल्या साली बोलपट सोलापुरात लागला. मी तीनदा बघितला. पहिल्यांदा रागानं, दुसऱ्यांदा चुका मोजायला, तिसऱ्यांदा का, ते माहीत नाही. चुका अशा. मायाप्पाला मेंढका ठेवला नाही, राजाचा सेनापती केला, आणि वेष बदलून मेंढरं राखतोय असं दाखवलं. म्हणजे नुसता मेंढका असता तर त्याची ओवी झाली नसती. मेंढरं पांढरी, धुतलेली, नदीकाठची जात, माळावर दोन दिवस टिकायची नाहीत. जक्कव्वा घोंगडी स्वतः विणते, तीही मांडीवर दोन सुया घेऊन, मडमा पायमोजे विणतात तशी. आमच्यात बाई सूत काढते आणि विणणारा मागावर विणतो, हे कंपनीला येडूनं सांगितलं नसेल का? सांगितलं असेल. ऐकतो कोण. शेवटी सेनापती धाकट्या भावाला बुरुजावर गाठतो, धाकटा बेइमान निघालेला असतो, आणि कुऱ्हाडीनं त्याचा निकाल लागतो. थेटरातली माणसं उभी राहून टाळ्या पिटत होती. माझ्या शेजारची बाई पदर तोंडात धरून रडत होती.

आणि सुरुवातीला पडद्यावर माणसाएवढ्या अक्षरांत, कथा, येडूबा हाके. त्यातलं एक अक्षर येडूला वाचता येत नाही. मला येतं. म्हणून ते मला तीनदा वाचावं लागलं.

मी गिरणी सोडली, आधी रेल्वेच्या कामावर गेलो, तिथून इथं आलो. कानडी येत होती म्हणून खाणीत चटकन घेतलं. म्हटलं, एवढ्या लांब आणि एवढ्या खोल येडूचं नाव यायचं नाही. गेल्या महिन्यात इथल्या तंबूत तोच बोलपट आला, हिंदी बोलीतला. कंपनीनं एकाच मांडवात दोन्ही केले म्हणतात. त्यात मेंढरं गेली आणि घोडे आले. घोंगडीची रेशमी शाल झाली. सेनापतीचा राजपुत्र झाला. आणखी एका बोलीत केला तर त्याचा देव करतील. एवढं सगळं बदललं, पण शेवट तोच ठेवला, कुऱ्हाड, धाकटा भाऊ, टाळ्या. माझ्या खोलीतला धोंडप्पा अक्कलकोटकडचा, वयानं वडीलधारा. तो ढसाढसा रडला. परत येताना मी सगळ्या वाटेनं चुका सांगत होतो आणि तो नाक पुसत होता.

मग अव्वाचं पत्र आलं, गावच्या शाळेच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. त्यात होतं की बोलपट बघून आल्यापासून गावातली पोरं माळावर काठ्या घेऊन सोमाला मारायचा खेळ खेळतात. आणि होतं की तू येत नाहीस म्हणून गेले दोन दसरे येडूच देवळाचं दार लावून बिरोबाला शेवट म्हणून दाखवतो. बाहेर येतो तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं असतं, दोन दिवस जेवत नाही, विचारलं तर काही सांगत नाही.

हे पत्र मी धोंडप्पाला वाचून दाखवलं आणि वर म्हणालो, बघ, त्यानं ओवी विकली, शेवट नासवला, आता देवळातही शिरला. धोंडप्पा विडी विझवून म्हणाला, "शेवट फकस्त तुमच्या घराण्यात म्हायती, म्हणतोस. मग त्याला कुणी सांगितला?"

उत्तर आहे. ते इथं देतो. शिवपुत्र म्हणाले की गुन्हा कबूल करायचा तर वेगळा कागद लागतो. मला हाच कागद बरा वाटतो.

येडू गिरणीच्या फाटकावर आला होता. तेहतीसचीच गोष्ट, दिवाळीच्या आधीची. पाळी सुटत होती, माझ्या केसात कापूस होता, आणि तो नवं धोतर नेसलेला. पाया पडला. म्हणाला, "अण्णा, मालक इचारत्यात पुडं काय. मी म्हणलं, पुडं भंडारा उधळायचा अन् घरला जायचं. ते लई हसले. तू चल की. मोटार सात रस्त्यावर थांबलीया. ओवी तुजी हाय, तूच सांग."

मी विचारलं, "त्यांनी मला बोलावलंय का?"

येडू खोटं बोलत नाही. हा त्याचा गुण मला कधीच सोसला नाही. म्हणाला, "न्हाय. पर मी सांगतो की त्यास्नी. दोघं बसू मोटारीत."

दोघं बसू म्हणाला. माझ्या वडिलांच्या ओवीत मला जागा करून देत होता. मी म्हटलं, माझ्या कामाची खोटी होईल. शेवट हवा ना, घे. थोरला धाकट्याला मारतो. कुऱ्हाडीनं. संपली ओवी.

येडू म्हणाला, "सोमाला? त्यानं काय केलं वं?"

"राखण केली," मी म्हणालो.

त्यानं फाटकाचा गज धरला. मग म्हणाला, देवाचं हाय, मी कोण इचारणार. पुन्हा माझ्या पाया पडला आणि गेला. मला वाटलं, असला शेवट ऐकून मालक त्याला हाकलून देतील, हसत हसत गावी पाठवतील. त्यांनी तो जसाच्या तसा घेतला. मेंढरं बदलली, घोंगडी बदलली, जातही बदलली, आणि मी फाटकावर जे बोललो ते मात्र शब्दाला शब्द ठेवलं, दोन्ही बोलींत. थेटरात ज्याला टाळ्या पडतात ते माझं आहे. आणि नाव त्याचं. हे मी कुणाला सांगू शकलो नाही, कारण सांगितलं तर आपण काय केलं तेही सांगावं लागतं.

आणि तो दर दसऱ्याला दार लावून तेच बिरोबापुढं म्हणतो, अण्णानं दिलेलं म्हणून. स्वतःच्या तोंडानं सोमाला मारतो आणि दोन दिवस जेवत नाही. आता मी खाली राहिलो तर तेच खरं होऊन बसेल. देवालाही दुसरं काही ऐकायला मिळणार नाही.

कलम पाचवे. म्हणून मी माझ्याकडची ती वस्तू खाली लिहून ठेवतो. ती लिहायची नसते आणि देवळाबाहेर काढायची नसते. दोन्ही मोडलं त्याचा दोष माझा, लिहिणाऱ्याचा. साक्षीदारांचा नाही, त्यांनी ऐकलं तरी.

मायाप्पा कुऱ्हाड उचलतो. सोमा उठत नाही. त्याला उठता येत नाही, कारण घोंगडीत त्याच्या मांडीवर त्याच दिवशी झालेलं कोकरू झोपलेलं आहे. तो एवढंच म्हणतो की अण्णा, थंडी लई होती. मायाप्पा बघतो, सोमामागं कळप उभा आहे, दुप्पट झालेला, पण वाळका, उपाशी, माळावर काडी नाही. वर बाभळ आहे. कुऱ्हाड खाली येते ती बाभळीच्या फांदीवर. फांदी पडते, मेंढरं पाल्यावर तुटून पडतात. तो दुसरी तोडतो, तिसरी तोडतो, अंधार पडेपर्यंत तोडतच राहतो. हात थांबतात तेव्हा राग कुठं गेला ते त्याला सापडत नाही. घोंगडीविषयी तो त्या दिवशी विचारत नाही आणि पुढंही कधी विचारत नाही. सकाळी कळप उठवताना सोमा वाट बघत उभा राहतो, कारण म्होरं थोरल्यानं चालायचं असतं. मायाप्पा म्हणतो, "तू म्होरं चाल, सोमा. मी मागनं येतो."

एवढाच शेवट आहे. बुरूज नाही, टाळ्या नाहीत. सोळाव्या वर्षी ऐकला तेव्हा मला हा शेवट बेचव वाटला होता. वडिलांना तसं म्हणालो नाही, पण वाटला होता. परवापर्यंत वाटत होता.

कलम सहावे. कलम तीन रद्द. ढोल येडूला द्यावा. आढ्याची कुऱ्हाडही त्यालाच द्यावी, तिला गंज चढला असेल, धार लावून घ्यावी. घरावर अव्वानंतर त्याचाच हक्क. कुणी भाऊबंद तक्रार करील तर ती चालणार नाही.

अटी अशा आहेत. हा शेवट कंपनीला कळवू नये, त्यांनी घोडेच ठेवावेत. पोरांचा काठ्यांचा खेळ बंद करावा. आणि येडूनं असं समजू नये की माझा राग गेला. पडद्यावर त्याचं नाव आहे आणि ते मला अजून खुपतं, हे त्याला वाचून दाखवावं. पहिली भाकरीही मी विसरलेलो नाही. ढोल देतोय तो राग धरूनच देतोय.

कलम सातवे. येत्या दसऱ्याला मास्तरांनी हा कागद देवळात न्यावा. दार लावावं. आत येडू आणि अव्वा, दोघांनीच बसावं. बाईमाणसानं आत बसायचं नाही असं कुणी म्हणालं तर सांगावं की मागच्या तीन दसऱ्यांचा बिघाड मुलग्यानं केलाय. मास्तरांनी पाचवं कलम एकदा हळू वाचावं आणि बाहेर जावं. मग येडूनं ढोल घ्यावा आणि बिरोबाला आधी सांगावं की गेल्या दोन खेपेचं खोटं होतं, ते अण्णाचं होतं, सोमाला कुणी मारलेला नाही. मग ओवी शेवटापर्यंत म्हणावी. एक डाव त्याला म्होरं घे, असं अव्वा म्हणाली होती. घेतला.

झेल मी धरीन. रजा मिळाली आणि पायावर आलो तर त्याच्यामागं उभा राहून धरीन. नाही आलो तरी येडूनं दुसरा झेलकरी घेऊ नये. ओळ टाकावी आणि थांबावं. मला उशीर लागेल, लांबून यायचं आहे. घाई करू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोन्ही साक्षीदारांना मोठ्यानं वाचून दाखवला, आणि त्यांच्यादेखत सही केली.

सही: धुळाप्पा सिदाप्पा देवकते

साक्षीदार पहिले: शिवपुत्र, हजेरी कारकून. सही. (मृत्युपत्र नमुन्याप्रमाणे नाही, पण लिहिणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे आहे, असा शेरा त्यांनी स्वतः घातला.)

साक्षीदार दुसरे: धोंडप्पा, राहणार अक्कलकोटकडे. डाव्या अंगठ्याची निशाणी. अंगठा उठवून झाल्यावर यांनी विचारलं की, मलाबी कळला की रं शेवट, देव रागवंल का. मी म्हटलं, तुम्ही तंबूत त्या सोमासाठी रडला होता, तुम्हाला चालेल.

मुक्काम सोन्याची खाण, कुली लाइन, खोली अठरा. तारीख ९ ऑगस्ट १९३६, रविवार. दसऱ्याला अजून अवकाश आहे.